गौरीच्या साच्यातली सगुणा

"उगी ऱ्हा गो. नवरीनं बोलायचं नसतं. नवरीच्या वाटचं आमी बोलतो."

बायजाआत्याचा तो आवाज सगुणाच्या कानात अजून तसाच होता. मातीच्या मडक्यासारखा, वरून खरखरीत, आतून गार. सगुणा तेव्हा एवढीशी होती. पेणच्या खाडीकाठी त्यांचं आगऱ्यांचं गाव, थोरल्या बहिणीचं लग्न, आणि आत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. तिनं धवले गायले की मग तांदळाचा चौक भरतो, मग हळद चढते. बहीण सकाळपासून उपाशी होती, पाटावर बसल्या बसल्या पांढरीफटक पडली होती. ती काहीतरी सांगायला गेली, तर आत्यानं तिचा हात दाबला, ते वाक्य म्हटलं, आणि सूर पुढं नेला:

*लेक माजी बसली चौकाचे कोना,*
*तिचे मनीचा बोल ठावा मना.*

बायका गहिवरल्या. गाणं संपायच्या आत बहीण पाटावरून कलली, तरी बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना, पोरीला भरून आलं. आत्या काही दुष्ट नव्हती. आपल्याला पोरीच्या मनातलं ठाऊक आहे, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून तर सगुणाला ते विसरता आलं नाही.

आता सत्त्याण्णव साल लागलं होतं. माघाचं ऊन पडत होतं, आणि त्या उन्हात जिकडं बघावं तिकडं सगुणाच होती. रोह्याच्या एसटी स्टँडवर सगुणा, कोलाडच्या हायवेवर वडापावच्या हॉटेलाशेजारी सगुणा, निडीच्या स्टेशनाबाहेर पिंपळाला खिळे ठोकून लावलेली सगुणा. पोस्टरात ती अनवाणी उभी होती. मागं मिठागर, मिठाच्या राशी, एका हातात बास्केटबॉल, दुसऱ्या हातात बापाचं फावडं. डोक्यावर जाड अक्षरं: 'मिठागराची लेक, आभाळाशी भेट.' पायाशी साबणाची वडी. चांदणी साबण, रायगड महिला बास्केटबॉल लीगचे प्रायोजक. सगुणाचा मूळचा तांबूस काळा रंग छापखान्यात कुठंतरी धुऊन निघाला होता. ती साबणाची करामत की शाईची, हे कुणी विचारलं नाही.

लहानपणी हीच उंची तिला नकोशी झाली होती. वर्गातली पोरं 'माडी' म्हणायची, बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन मान वर करून बघायचे आणि निघून जायचे. शाळेतल्या सरांनी तिला रिंगखाली उभं केलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या हाडांना काम मिळालं. चेंडू वर गेला की ती वर जायची. वर गेलं की खालचं कुणाचं काही ऐकू यायचं नाही. त्या उडीपायी तिला चांदणी साबणाच्या रोह्याच्या कारखान्यात पॅकिंगला नोकरी लागली, कंपनीच्या 'कुंडलिका' संघात जागा मिळाली, आणि पुढं पोस्टरही मिळालं.

पोस्टर तिला का मिळालं, हा प्रश्न वृंदानं सरळ विचारला होता. वृंदा टिपणीस म्हणजे रोह्याच्या टिपणीस मास्तरांची मुलगी, संघातली सगळ्यात पक्की नेमबाज. लांबून टाकलेला तिचा चेंडू रिंगला न शिवता जाळीतून उतरायचा, जसा पाखरानं पंख मिटावा. लीगचा प्रसिद्धीप्रमुख होता गोपाळ अधिकारी. मुंबईत जाहिरातींचं काम शिकून आलेला, गोड बोलणारा, खिशाला दोन पेनं लावणारा. त्याच्या ऑफिसात पोस्टराचा पहिला नमुना टेबलावर पसरला होता.

"गोपाळदादा, मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गुण माझे. मग इथं ही कशी?" वृंदा म्हणाली.

"तू मास्तरांची मुलगी," गोपाळ म्हणाला. "तू चांगली खेळलीस की लोक म्हणतात, खेळणारच. सगुणा खेळली की लोक म्हणतात, अरेच्चा, ही कशी काय खेळली? तो 'कशी काय' मला विकायचाय."

"म्हणजे बास्केट मी टाकायची आणि नवल हिचं करायचं."

"बरोबर."

"हिला काय वाटतं ते विचारलंस का कधी?"

गोपाळ खुर्चीसकट वळला. "काय सगुणा, तुला काय वाटतं?"

सगुणाला पुष्कळ वाटत होतं. ते फावडं आपण दहाव्या वर्षानंतर हातात धरलेलं नव्हतं, फोटोवाल्यानं चपला काढायला लावल्या तेव्हा मिठानं टाचा चरचरल्या, असं बरंच काही. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"बघितलंस?" गोपाळ वृंदाला म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरं कौतुक होतं. "हेच पाहिजे. चेहऱ्यावर स्वतःचं फार काही नको. बघणाऱ्याला आपलं काहीबाही ठेवायला जागा पाहिजे. तुझा चेहरा भरलेला आहे गं वृंदा. तिथं कुणी काय ठेवणार?"

वृंदा हसली, पण त्या दिवसापासून ती सगुणाला 'बाईसाहेब' म्हणायला लागली.

मग पेणला अलिबागच्या संघाशी सामना झाला. सगुणा चेंडूमागं वर गेली. वर होती तोवर सगळं ठीक होतं. उतरली तेव्हा डाव्या गुडघ्यात ओली सुतळी तुटावी तसं काहीतरी तुटलं. आवाज तिचा तिलाच ऐकू आला. समोर केबलवाल्याचा कॅमेरा होता. ती उठली आणि हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राहिलेला खेळ तिनं एका पायावर निभावून नेला, आणि दुसऱ्या दिवशी केबलवर सगळ्या तालुक्यानं ते हसू पुन्हा पुन्हा पाहिलं.

पेणच्या डॉक्टरीणबाईंकडं ती एकटीच गेली. बाईंनी गुडघा हातात धरून हलवला, तो दार निखळल्यासारखा सरकला.

"आतला दोर तुटलाय," बाई म्हणाल्या. "उड्या बंद. मुंबईला दाखवायला हवं. आणखी एकदा असा मुरडलास तर मांडी घालून बसणं विसर, जिना चढणं विसर. घरी सांगितलंस?"

"सांगते."

सांगायचं ठरवूनच ती गावाकडं वळली. बाप, जनू, नुकताच बाजारातून आला होता. पिशवी कोपऱ्यात ठेवून, डोक्यावरचा रुमाल सोडत तो म्हणाला, "आज पेणच्या स्टँडवर उभा होतो. तुझ्या फोटोखाली." रुमाल झटकून त्यानं खुंटीला लावला. "नेहमीच उभा ऱ्हातो. कोन विचारत नाय. आज एक मानूस बोलला, या पोरीचा बाप तुमीच काय? मी बोललो, व्हय."

एवढंच बोलून तो हातपाय धुवायला गेला. तांब्यातलं पाणी बराच वेळ सांडत राहिलं. सगुणा चुलीपाशी बसली, पाय लांब पसरून, कारण दुमडता येत नव्हता. बापाला वाटलं, पोर दमली.

रोह्यात तिनं गोपाळला गाठलं. "दादा, पायाचं जरा बोलायचं होतं."

"पायाचं? अगं पाय फोटोत एक नंबर आलेत. त्या भेगा मुद्दाम ठेवल्यात मी."

संघाच्या सरांना सांगायला गेली तर सरच तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तू मैदानात नुसती उभी राहिलीस तरी समोरच्यांचा जीव अर्धा होतो. आणि धाकटा भाऊ अमोल. त्याला तिच्याच शब्दाखातर कंपनीत घेतलं होतं, अजून पक्का केला नव्हता. तो शिफ्टवरून येऊन मित्रांना मोठ्यानं सांगायचा, "फायनलला या रे, माझी बहीन बघा." ज्याला त्याला तिच्याबद्दल ठाऊक होतं. तिनं काही सांगायला तोंड उघडावं, तर त्या तोंडात कुणाचा तरी घास आधीच भरलेला असायचा.

ती खेळत राहिली. खेळत म्हणजे उभी राहत. गुडघ्याला पट्टा, त्यावर लांब पँट. सर तिला सुरुवातीला उतरवायचे, लोक नावाचा गजर करायचे, मग बाकावर घ्यायचे, शेवटाला पुन्हा उतरवायचे. मधलं सगळं वृंदा ओढायची.

"बाईसाहेब, रिबाउंडला जात जा," वृंदा एकदा पाणी पिताना म्हणाली.

"जाते की."

"जातेस. बघायला." वृंदानं ओठ पुसले. "पोस्टरवर घाम येत नाही, माहितीये मला. पण इथं थोडा गाळायला हरकत नाही."

सगुणानं बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

त्यातच तो पुतळा आला.

फायनल रोह्याला, शाळेच्या मैदानावर. फाटकाशी सगुणाचा माणसाहून मोठा पुतळा उभा करायचा, अशी कल्पना गोपाळची. पेणला गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली, प्लास्टरचं काम झटक्यात होतं. हिरामणच्या कारखान्यात त्यानं सगुणाचे फोटो दिले, आणि वेळ काही दिला नाही. टेम्पोतून पुतळा उतरला तेव्हा सगळा संघ बघायला जमला. चड्डी-बनियनचा गणवेश बरोबर, पाठीवर आकडा बरोबर, वर केलेल्या हातात चेंडू बरोबर. चेहरा मात्र गोल, गुलाबी, नाजूक जिवणीचा, कानापर्यंत रेखलेल्या डोळ्यांचा. गौरी. भाद्रपदात पाटावर बसते ती गौरी.

"हिरामणदादा, ही मी नाय," सगुणा म्हणाली.

हिरामण मान खाजवत हसला. "ताय, खरं सांगू? कारखान्यात बाईमानसाचा साचा येकच. गौरीचा. नवा साचा करायचा तर मानूस समोर बसवावा लागतो, वेळ लागतो. सायेबांना घाई. आनि आखनीवाल्या बायांचा हात बसलाय त्या डोळ्यांना. त्यांना दुसरं डोळंच काढता येत नाय."

वृंदा पोटावर हात धरून हसत होती. "बाईसाहेब, आता नुसत्या बाईसाहेब नाही, माहेरवाशीण झालात."

गोपाळ मात्र हसला नाही. तो पुतळ्याभोवती एक फेरी मारून आला. "राहू दे," तो हळूच म्हणाला. "हिच्याहून चांगला झालाय."

आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. पुतळा उभा राहिला त्याच संध्याकाळी वरसेहून कामावरून परतणारी एक म्हातारी फाटकाशी थबकली. तिनं चपला काढल्या, कनवटीची पुडी सोडली आणि गौरीला हळदकुंकू लावलं. ती बिचारी तरी काय करणार? तो चेहरा समोर आला की हात आपोआप पुडीकडं जातो, तशी वर्षानुवर्षांची सवय. एकीचं बघून दुसरीनं लावलं. सकाळी पायाशी दोन नारळ होते. मग कुणी ओटी ठेवली, कुणी झेंडूची माळ चेंडूवरून सोडली. गोपाळनं केबलवाल्याला बोलावलं. गावोगावच्या टीव्हीवर ते दिसलं, आणि साबणाच्या दुकानदारानं दुसरी गाडी मागवली. चार शहाणी माणसं म्हणाली, हे बरं नव्हे, पुतळा हलवा. पण कुंकू लागलेली मूर्ती हलवायची कशी, विसर्जन करायचं की गोदामात ठेवायची, हे कुणालाच कळेना, आणि हात लावायला कुणी पुढं होईना.

सगुणाला आता रस्त्यातून नीट चालताही येईना. बायका वाकायच्या. ती मागं सरकायची, आणि मागं सरकताना गुडघा दगा द्यायचा. रेशनच्या दुकानात तिला रांगेत पुढं सोडत. रोह्यात ती राहायची त्या खोलीच्या मालकिणीनं तिला जिन्याखालची मोरी वापरू नका म्हणून वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर उघडून दिलं, आणि तेवढा जिना ती रोज कठड्याला धरून, आधी एक पाय, मग दुसरा, असा चढत राहिली. मालकीण खालून बघायची आणि म्हणायची, चालणं बघा, कसं सावकाश, कसं ठेवणीतलं.

फायनलच्या दिवशी दुपारपासून मैदान फुललं. चुन्याच्या रेघा पांढऱ्या चमकत होत्या. लाऊडस्पीकर सगुणाचं नाव घेत होता. जनू पहिल्यांदाच सामना बघायला आला होता, धुतलेला सदरा घालून, अमोलच्या शेजारी पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून, लग्नाच्या पंगतीत बसावं तसा. गोपाळनं संघाला फाटकातून वाजतगाजत आणायचं ठरवलं होतं, पुतळ्यासमोरून. सगुणा पुढं. तिच्या मागं वृंदा, मग बाकीच्या.

"पाच मिनिटं खेळ, शेवटी एक उडी मार," गोपाळ तिच्या कानाशी म्हणाला. "एकच. कॅमेरा रिंगखाली लावलाय. त्या उडीवर पुढच्या वर्षीचं सगळं आहे."

एक उडी. सगुणानं रिंगकडं बघितलं. ती काही फार उंच नव्हती. वर जाता आलं असतं, खाली उतरायचं तेवढं राहिलं होतं.

पुतळ्याशी बायकांची रांग होती. संघ आला तशी रांग फाकली, आणि तिच्यातून एक बाई पुढं झाली. निडीची होती. कडेवर मुलगी, चार-पाच वर्षांची, तेल लावून चापून वेणी घातलेली. मुलीचा एक पाय धड होता, दुसरा काडीसारखा वाळलेला, पोटरी नसलेला, नुसता लोंबणारा. बाईनं पुतळ्याला नमस्कार केला, मग सगुणाला केला. मूर्तीला आणि माणसाला सारखाच.

"बाय," ती म्हणाली, "हिचं नाव भूमिका. लय दवाखाने केले. तुमी नुसता हात फिरवा हिच्या पायावरून. मंग जा तुमी खेलायला, मी नाय थांबवत."

ताशा वाजत होता. गोपाळनं कॅमेरावाल्याला खूण केली. "फिरव," तो हसऱ्या तोंडानं, ओठ न हलवता म्हणाला. "काय जातंय आपलं."

सगुणाचा हात उचलला गेला. खरंच गेला. पोरगी तिच्याकडं बघत होती, भिऊन नव्हे, निवांत, जसं मुलं दुकानातल्या बरणीकडं बघतात. तो बारीक पाय सगुणाच्या हातापासून वीतभर लांब होता. बाईचे डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

सगुणानं हात मागं घेतला.

"बाय, मी देवी नाय."

बाईनं डोळे उघडले, समजुतीनं हसली. "असं बोलायचंच असतं. देवी कुठं सांगते, मी देवी हाय म्हणून? परीक्षा बघतेस गो माय. बघ. मी हाय हितंच."

"खरंच नाय गो."

"बरं, नाय तर नाय. पन हात फिरव."

मागच्या बायका हुंकारल्या. कुणीतरी कुंकवाची चिमूट सगुणाच्या कपाळाला लावली. ती चिमूट नाकावरून खाली आली. गोपाळ म्हणाला, "सगुणा, उशीर होतोय." वृंदा म्हणाली, "बाईसाहेब, करून टाका काय ते." ताशा, लाऊडस्पीकर, गजर. आणि त्या सगळ्याच्या पलीकडं पहिल्या रांगेत बाप उठून उभा राहिला होता, काय चाललंय ते न कळून.

सगुणा वाकली. तिला खाली बसायचं होतं, त्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं होतं, पण गुडघा दुमडेना. म्हणून तिनं उभ्यानंच लांब पँटचा पाय वर सरकवला, पट्ट्याचे बंद एकेक करून सोडले, आणि पट्टा पुतळ्याच्या पायाशी नारळांवर टाकला. गुडघा उघडा पडला. पपईसारखा सुजलेला, एका बाजूला निळा, एका बाजूला पिवळा. ताशावाल्याच्या हातातल्या काड्या तशाच थांबल्या.

"हे काय गं," वृंदा म्हणाली. तिच्या आवाजातून बाईसाहेब निघून गेली होती. "हे कधीपासून? सगुणा, मी तुला रोज..."

सगुणानं तिच्याकडं बघितलं, मग गोपाळकडं, मग गर्दीतून वाट काढत येणाऱ्या बापाकडं. तो जवळ येईपर्यंत ती थांबली. त्याची नजर गुडघ्यावर गेली, तिथंच खिळली. मग ती निडीच्या बाईकडं वळली, कारण विचारलं तिनं होतं.

"पेणच्या सामन्यात मोडला माझा पाय," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, जरा खरखरीत. "आतला दोर तुटलाय. मला मांडी घालता येत नाय. जिना चढताना मी रडते. मी कुनाला बोलले नाय, माझ्या बापालाबी नाय. तुझ्या लेकीचा पाय मला बरा करता येत नाय गो, माझाच मला करता आला नाय. मला उडी मारायची भीती वाटते. आनि मला आज खेळायचं नाय."